बेंजो कुठल्या गावचा?

नंदुरबारकडे लग्नाची तारीख निघाली की विचारणा होते, ‘बेंजो सांगितला का?’ इथे बेंजो म्हणजे अख्खा ताफा: ढोल, ताशा, भोंगे, गाडी आणि माणसे. (‘ताफा’ अरबी ‘तायफा’चा, ‘ताशा’ बहुधा ‘तास’ म्हणजे वाडग्याचा, दोघेही फारसीमार्गे आलेले.)

मूळ बेंजो मात्र अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांचा. आधी भोपळ्याचा, म्हणजे आपल्याकडच्या पावरी या भोपळ्याच्याच वाद्याशी सोयरीक जमण्याजोगा. नाव अंगोलाकडच्या किंबुंदूतल्या ‘म्बान्झा’वरून असावे. दुसरे मत पोर्तुगीज ‘बांदुर्रा’चे, त्यामागे ग्रीक ‘पांदुरा’. ‘पांदुरा’चे फारसी ‘तंबूर’शी नाते काही जण जोडतात, ते खरे धरले तर तंबोरा हा बेंजोचा चुलतचुलता ठरतो! मला पहिले मत अधिक पटते, पण दुसरे सोडवत नाही.

गंमत अशी, की आपल्याकडच्या बेंजोला ना भोपळा, ना कातडे. लांबट पेटी, डाव्या बोटांखाली टाइपरायटरसारख्या कळा, उजव्या हातात नखी. ही जपानी ‘ताइशोगोतो’, १९१२ साली नागोयात गोरो मोरिता यांनी घडवलेली. ‘ताइशो’ हे त्याच साली सुरू झालेल्या राजवटीचे नाव, ‘गोतो’ म्हणजे कोतो हे तंतुवाद्य. इकडे आल्यावर ती ‘बुलबुलतरंग’ झाली: फारसी पक्षी, संस्कृत लाट. तारांच्या खणखणाटामुळे ‘बेंजो’ हे नाव चिकटले असावे.

हीच पेटी जर्मनीतही पोहोचली. ड्युसेलडॉर्फच्या ‘नोय!’ या जोडगोळीच्या १९७२ च्या पहिल्या अल्बमवर क्लाउस डिंगर यांच्या नावापुढे ‘जपानबांजो’ छापले आहे. हे संगीत प्रोग्रेसिव्ह रॉकच्या भावकीतले. त्याला मराठीत ‘पुरोगामी’ म्हणावे, तर सत्तरच्या दशकाचा तो ढंग आज हौसेने पुन्हा वाजवणारे मागे बघतात, ही विसंगती वाटेल. पण ‘पुरस्’ म्हणजे समोर आणि ‘पुरा’ म्हणजे फार पूर्वी, दोघे एकाच धातुकुळातले दिसतात. ‘पूर्व’ तर उघडच दोन्हीकडचा: समोरची दिशा आणि मागचा काळ. तेव्हा पुरोगाम्याने पुराण लावले तरी व्याकरणाची हरकत नसावी.

नंदुरबारच्या वरातीत आता त्या पेटीच्या जागी बहुधा कॅसिओ असतो. कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड असला तरी कॅसिओच! तेही मुळात जपानी आडनाव, काशिओ. बुलबुलतरंग गेली, तिचे उसने नाव तेवढे ताफ्याकडे राहिले.