जुन्या मालिका जपतं कोण? स्टार ट्रेक ते कॅप्टन व्योम

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग जुन्या विज्ञान मालिकांवर आहे. पण कोणती भारी, कोणती फालतू यावर नाही. माझा प्रश्न साधा आहे. तीस-पन्नास वर्षांपूर्वीचा एखादा भाग आज बघावासा वाटला, तर तो उरलाय कुणामुळे?

सुरुवात ‘स्टार ट्रेक’पासून. अमेरिकेत १९६६ ते १९६९, तीन सीझन, ७९ भाग. दुसऱ्या सीझनच्या वेळी ती बंद पडणार अशी कुणकुण लागली आणि चाहत्यांनी वाहिनीला पत्रांवर पत्रं पाठवली. तिसरा सीझन झाला. पुढे ऐंशीच्या दशकात आपल्याकडच्या मुलांनीही ती दूरदर्शनवर बघितली.

आता यातली इंजिनिअरिंगची गंमत बघा. ही मालिका ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाली होती. फिल्ममध्ये एवढा तपशील असतो की ती पुन्हा स्कॅन करून एचडी चित्र काढता येतं. म्हणून आधी व्हीएचएस, मग डीव्हीडी, मग ब्लू-रे असा प्रवास जमला. २००६ पासून अंतराळयानाची दृश्यं कॉम्प्युटरवर नव्याने केली, तेव्हा चाहत्यांमध्ये जुंपली: जुनी मॉडेलंच खरी की नवी दृश्यं चांगली? २००९ च्या ब्लू-रेवर दोन्ही पर्याय दिले. मला हेच पटतं. नवं करा, पण जुनं पुसू नका.

कारण पुसलं की काय होतं, ते ‘डॉक्टर हू’ला विचारा! १९६३ साली सुरू झालेली ही ब्रिटिश मालिका. तेव्हा व्हिडिओ टेप महाग, म्हणून बीबीसीने जुन्या टेप पुसून पुन्हा वापरल्या. साठच्या दशकातले नव्वदहून जास्त भाग गेले. पण घरोघरी काही पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून आवाज रेकॉर्ड करत होती! त्यामुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज शिल्लक आहे. त्यावर ॲनिमेशन करून काही कथा डीव्हीडीवर आल्यासुद्धा. २०१३ साली तर परदेशी प्रसारणासाठी पाठवलेल्या प्रतींमधले नऊ भाग नायजेरियात सापडल्याचं जाहीर झालं. म्हणजे मालिका वाचवली कुणी? एक तर हौशी प्रेक्षकांनी, नाहीतर लांबच्या कपाटात विसरून राहिलेल्या डब्यांनी.

आता आपल्याकडे या. १९८९ ची ‘इंद्रधनुष’ आठवते का घरात कुणाला? आनंद महेंद्रू यांचं दिग्दर्शन, आणि त्यात गिरीश कर्नाड, उर्मिला मातोंडकर, आशुतोष गोवारीकर, करण जोहर. मग १९९८ ची ‘कॅप्टन व्योम’: केतन मेहतांची मालिका, मिलिंद सोमण नायक.

तेव्हा मी पाळण्यात होतो. माझं गाव केम, करमाळा तालुका. कुंकवाच्या कारखान्यांचं गाव. त्यामुळे व्योम मला कळला तो दादाच्या तोंडून. ऐन भागात लाईट गेली की विषय संपला, तो भाग पुन्हा दिसायचा नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत ज्याच्या घरी लाईट होती तो गोष्ट सांगायचा, आणि चार गोष्टी पदरच्या घालायचा! आमच्याकडे कॅसेट, डीव्हीडी वगैरे नव्हतं. पोरांचं सांगणं हीच आमची ‘होम रिलीज’.

पण सांगणारे म्हातारे होतात, मंडळी. आणि टेपसुद्धा. ओल लागली की बुरशी धरते, चुंबकीय थर सुटतो, आणि ती चालवणारा व्हीसीआर तर आता दुकानात मिळतच नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ‘डीडी रेट्रो’ सुरू झालं, २०२४ मध्ये प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ ॲप आलं. चांगलंच आहे. तरी सरकार बघेल म्हणून बसू नका.

या सुट्टीत माळ्यावरची पेटी उघडा. लग्नाच्या कॅसेटच्या शेवटी कुणी टीव्हीवरचं काही रेकॉर्ड केलं असेल. बुरशी दिसली तर घरी चालवू नका, जाणकाराकडून डिजिटल करून घ्या. मूळ कॅसेट फेकू नका आणि वर साल, नाव लिहा. काहीच सापडलं नाही, तर आई-बाबांना, काका-मावशीला आठवेल ते बोलायला लावा आणि फोनवर रेकॉर्ड करा. ‘डॉक्टर हू’चा आवाज असाच वाचला होता.

तुमच्या घरी काय निघालं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!