चीड, बांज आणि १९२१ सालचे वणवे

उत्तराखंडातले वणवे आपण २०१६ साली टीव्हीवर पाहिले, २०२४ साली पुन्हा पाहिले. बातमीत तापमान सांगतात, हेलिकॉप्टर दाखवतात. डोंगरावर झाड कोणतं आहे, ते मात्र कुणी सांगत नाही. मला विचाराल तर सगळी गोम तिथंच आहे.

तिथल्या मधल्या उंचीवर दोन झाडांचं राज्य: चीड आणि बांज. चिडाच्या सुईसारख्या पानांना पिरूल म्हणतात. ती ऐन उन्हाळ्यात गळतात, अंगात राळ, वाळली की ठिणगीचाच अवकाश. जाड सालीमुळे मोठा चीड स्वतः बचावतो आणि जळून उघड्या पडलेल्या मातीत त्याचंच बी लवकर रुजतं. म्हणजे आग लागली की चीड आणखी पसरणार! बांजाखाली मात्र ओलसर पालापाचोळा, जिवंत झरे. गुरांना पाला आणि शेताला खतही त्याचंच.

इंग्रजांना हवी होती राळ आणि रेल्वेचे स्लीपर, म्हणून चीड लाडका. १९११ ते १९१७ या काळात कुमाऊंची जंगलं राखीव झाली. चराईवर, पाला तोडण्यावर बंधनं आली. १९२१ च्या संक्रांतीला बागेश्वरला लोकांनी वेठबिगारीच्या वह्या सरयूत बुडवल्या आणि त्याच उन्हाळ्यात रानं पेटली. रामचंद्र गुहा यांनी एक गोष्ट नेमकी टिपली आहे. जळलं ते मुख्यतः सरकारचं चिडाचं रान. रुंद पानांची जंगलंही सरकारच्याच ताब्यात होती, पण त्यांना झळ लागल्याचा पुरावा नाही. (असहकार शिकवताना आमच्या पुस्तकात हे कुठं होतं?) पुढे सरकार थोडं नमलं, १९३१ साली वनपंचायतींचे नियम आले. असो.

उफरैंखालचे सच्चिदानंद भारती आमच्याच पेशातले, मास्तर. दूधातोलीच्या परिसरात १९८० च्या दशकापासून त्यांनी गावकऱ्यांना, विशेषतः बायकांना, बरोबर घेऊन उजाड उतारांवर बांजासारखी स्थानिक झाडं लावली. नुसती लावली नाहीत. उतारावर 'चाल' म्हणजे छोटी तळी खणून पावसाचं पाणी मुरवलं. ओल धरलेल्या जमिनीवर आग सहजी सरकत नाही. एक कोरडा ओढाही पुन्हा वाहू लागला. सरकारी वृक्षारोपणाच्या आकड्यांपेक्षा मला हे मोलाचं वाटतं, कारण बांज फार हळू वाढतो, त्याला कुणीतरी वर्षानुवर्षं सांभाळावं लागतं. तिथं राखणीला घुंगरांची काठी असते, खांकर. जिची पाळी संपली, ती संध्याकाळी काठी शेजारणीच्या दारात ठेवते. सकाळी शेजारीण ती उचलून रानात जाते.