गिटारवादकासाठी लहान लूपर पेडल : ओळख, निवड आणि उपासनेतील मर्यादा

आपल्या अनेक धर्मग्रामांतील गायनवृंदांत ऑर्गन किंवा कीबोर्डच्या जोडीला गिटार हे वाद्य आता स्थिरावले आहे. गिटारवादक युवक-युवतींच्या पायाशी इफेक्ट पेडलची छोटी पाटी, म्हणजेच पेडलबोर्ड, दिसू लागली आहे आणि त्या पाटीवर लूपर नावाचे उपकरण असावे अशी इच्छा अनेक जण व्यक्त करतात. हे उपकरण नेमके काय करते, ते निवडताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात आणि देऊळमाता ख्रिस्तसभेच्या उपासनेत त्याला कितपत स्थान आहे, याची माहिती गायनवृंदाचे सदस्य, त्यांचे पालक व संचालक यांच्यासाठी येथे एकत्रित दिली आहे.

लूपर म्हणजे काय?

लूपर हा अल्पकाळाचा ध्वनिमुद्रक होय. वादक पायाने बटण दाबतो, चार-आठ मात्रांचे आवर्तन वाजवतो आणि पुन्हा बटण दाबतो. त्या क्षणापासून वाजवलेला भाग आपोआप पुन:पुन्हा ऐकू येऊ लागतो. त्यावर वादक दुसरा थर चढवू शकतो, त्यावर तिसरा. एकच गिटारवादक प्रथम स्वरसंगती, नंतर खालचे खर्जाचे स्वर आणि शेवटी मुख्य चाल अशा रीतीने दोघा-तिघांचे वादन उभे करू शकतो. थर चढवण्याच्या या क्रियेला ओव्हरडब म्हणतात.

लूपर आवाजाचा पोत बदलत नाही. जे वाजवले तेच तो परत ऐकवतो. वादन बेताल असेल तर बेतालपणाही तितक्याच इमानाने परत येतो.

थोडा इतिहास

ध्वनीची आवर्तने करण्याची कल्पना चुंबकीय फितीच्या काळातील आहे. अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांनी १९६०च्या दशकात दोन टेपयंत्रांतून एकच फीत फिरवून हा परिणाम साधला. रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या ध्वनिमुद्रिकेत हीच पद्धत गिटारसाठी वापरली. पुढे फितीची जागा डिजिटल स्मृतीने घेतली. १९९९ साली आलेल्या लाइन ६ कंपनीच्या डीएल४ या पेडलमध्ये १४ सेकंदांचे आवर्तन मावत असे. २००१ साली बॉस कंपनीच्या आरसी-२० या यंत्राने ही मर्यादा साडेपाच मिनिटांपर्यंत नेली.

सर्वसामान्य श्रोत्यांना हे तंत्र परिचित झाले ते एकट्याने गाणाऱ्या कलावंतांमुळे. स्कॉटलंडच्या केटी टन्स्टॉल यांनी २००४ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवर लूपरच्या आधारे केलेले गायन बरेच गाजले. एड शीरन यांची तर ती ओळखच झाली आहे. मार्च २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर आणि जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात त्यांचे कार्यक्रम झाले. तरुण वादकांमध्ये लूपरविषयी जे कुतूहल दिसते, त्यामागे अशा कलावंतांचे वादन आहे.

निवडीचे निकष

१) आकार : बॉस कंपनीचे सर्वसाधारण पेडल ७३ मिलिमीटर रुंद व १२९ मिलिमीटर लांब असते. त्याहून लहान, ज्यांना मिनी म्हटले जाते, ती पेडले सुमारे ५ सेंटिमीटर रुंद असतात. जागा वाचते हे खरे; परंतु फार हलके पेडल जमिनीवर सुटे ठेवल्यास पायाच्या धक्क्याने सरकते. ते पाटीवर घट्ट बसवावे लागते. शेजारच्या पेडलपासून पुरेसे अंतर नसल्यास बुटाने भलतेच बटण दाबले जाते. म्हणून खरेदीपूर्वी कागदाचा तेवढ्या मापाचा तुकडा कापून पाटीवर ठेवून पाहावा.

२) बटणे : हा सर्वांत महत्त्वाचा निकष होय. एकच बटण असलेल्या लूपरमध्ये एकदा दाबणे, दोनदा झटपट दाबणे आणि दाबून धरणे यांचे अर्थ वेगवेगळे असतात. साधारणपणे दोनदा दाबल्याने आवर्तन थांबते आणि दाबून धरल्याने शेवटचा थर पुसला जातो. अडचण थांबवताना येते. दोनदा दाबण्यातील पहिला दाब ओव्हरडबची आज्ञा समजला जाऊ शकतो आणि गीताचा शेवट नेमका बिघडतो. दोन बटणांच्या लूपरमध्ये थांबण्यासाठी स्वतंत्र बटण असते. काही एकबटणी पेडलांना बाहेरून दुसरे फूटस्विच जोडता येते. सरावासाठी एक बटण पुरते. इतरांसमोर वाजवायचे असल्यास थांबण्याचे वेगळे बटण असणे हिताचे.

पायाच्या अचूकतेचे महत्त्व एका हिशोबाने लक्षात येईल. मिनिटाला ८० मात्रांची लय धरली तर चार मात्रांची चार आवर्तने १२ सेकंदांत पूर्ण होतात. शेवटचे बटण सेकंदाच्या विसाव्या भागाइतके जरी उशिरा दाबले, तरी ढोलकवादकाशी तुलना करता प्रत्येक फेरीत तेवढाच उशीर साचत जातो. वीस फेऱ्यांनंतर तो पूर्ण एक सेकंद, म्हणजे एका मात्रेहून अधिक होतो. हा दोष महाग पेडल घेतल्याने जात नाही. तो मेट्रोनोमसह नियमित सराव केल्याने जातो.

३) मुद्रणाचा अवधी : जाहिरातींत तासांचे आकडे मोठ्या अक्षरांत दिलेले असतात. वरील हिशोबाप्रमाणे एका आवर्तनाला १२ सेकंद लागतात आणि एक संपूर्ण गीतही सहसा पाच मिनिटांत संपते. म्हणून ज्याला एका वेळी एकच आवर्तन हवे आहे, त्याला पाच मिनिटांची मर्यादा पुरेशी आहे.

४) साठवण : अवधी आणि साठवण या दोन भिन्न गोष्टी आहेत. काही लूपर एकच आवर्तन सांभाळतात. नवे मुद्रित केले की जुने जाते. काही दहा, काही नव्याण्णव आवर्तने स्वतंत्र कप्प्यांत ठेवतात. गीतांचे चार आवाज बसवणाऱ्या संचालकाला असे कप्पे उपयोगी पडतात. ज्या पेडलला यूएसबी जोडणी आहे, त्यातील मुद्रण संगणकावर उतरवता येते.

५) मोनो की स्टिरीओ : एकच ॲम्प्लिफायर वापरणाऱ्याला मोनो लूपर पुरतो. कीबोर्ड किंवा दोन वाहिन्यांचे इफेक्ट वापरायचे असतील तरच स्टिरीओसाठी अधिक पैसे मोजावेत.

६) वीजपुरवठा : बहुतेक लहान पेडले ९ व्होल्ट डीसी विजेवर चालतात व त्यांच्या पिनेचा मध्यभाग ऋण असतो. उलट ध्रुवाचा ॲडॅप्टर लावल्यास पेडल जळू शकते. मिनी पेडलमध्ये बहुधा बॅटरीला जागा नसते. लूपर हे डिजिटल उपकरण असल्याने साध्या ओव्हरड्राइव्ह पेडलपेक्षा अधिक वीज घेते. तेव्हा पुरवठ्याची क्षमता मिलिॲम्पिअरमध्ये तपासावी. एकाच ॲडॅप्टरवरून साखळीने सर्व पेडलांना वीज दिल्यास डिजिटल पेडलमुळे बारीक शिट्टीसारखा आवाज येण्याची शक्यता असते. स्वतंत्र वाहिन्यांचा वीजपुरवठा हा त्यावरील उपाय होय.

७) ताल : काही लूपरांमध्ये तयार ताल असतात. त्यांच्याबरोबर सराव करता येतो आणि आवर्तनाची सुरुवात व शेवट लयीला धरून राहतात. घरी एकट्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ही सोय उपकारक आहे.

काही परिचित नमुने

टीसी इलेक्ट्रॉनिक कंपनीचा डिट्टो हा मिनी लूपर एक बटण व एक खुंटी एवढाच आहे. तो मोनो असून त्यात पाच मिनिटे मुद्रण होते व त्याला १०० मिलिॲम्पिअर वीज लागते. मूळ गिटारचा आवाज त्यातून डिजिटल रूपांतर न होता पुढे जातो, हे त्याचे वैशिष्ट्य.

बॉस आरसी-१ मध्ये स्टिरीओ मुद्रणाची १२ मिनिटांची मर्यादा आहे. आवर्तन कुठवर आले हे दाखवणारे २४ दिव्यांचे वर्तुळ नवशिक्याला फार साहाय्यक ठरते. यास बाहेरचे फूटस्विच जोडता येते.

इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा ३६० हा नावाप्रमाणे ३६० सेकंदांचा असून त्यात ११ आवर्तने साठवता येतात. त्याच कंपनीच्या ७२० मध्ये दोन बटणे, स्टिरीओ जोडणी, ७२० सेकंद आणि १० आवर्तनांची साठवण आहे.

२०२० साली आलेल्या बॉस आरसी-५ मध्ये ९९ कप्पे, ५७ ताल, छोटा पडदा आणि सुमारे १३ तासांची क्षमता आहे. सोयी अधिक तशा शिकण्याच्या गोष्टीही अधिक, हे ध्यानात ठेवावे.

केवळ घरच्या सरावासाठी पहिला पर्याय, शिकवण्यासाठी दुसरा, लोकांसमोर वाजवण्यासाठी ७२० आणि गायनवृंदाची अनेक गीते बसवण्यासाठी शेवटचा, अशी ढोबळ विभागणी करता येईल.

जोडणीचा क्रम

लूपर सहसा पेडलांच्या रांगेत शेवटी ठेवतात. त्यामुळे एक थर स्वच्छ आवाजात, दुसरा ओव्हरड्राइव्हसह, असे वेगळे रंग मुद्रित होतात. लूपर आधी आणि ओव्हरड्राइव्ह नंतर ठेवल्यास सर्व थर एकत्रच त्यातून जातात व आवाज गढूळ होतो. ॲम्प्लिफायरचाच आवाज फाटका ठेवला असेल तरी हाच दोष उद्भवतो. अशा वेळी ॲम्प्लिफायरला सेंड-रिटर्न जोडणी असल्यास लूपर तेथे लावावा.

दुकानात पेडल तपासताना स्वत:चे गिटार न्यावे. मुद्रण, वादन, ओव्हरडब, शेवटचा थर पुसणे आणि थांबवणे या पाच क्रिया प्रत्येकी दहा वेळा कराव्यात. आवर्तनाच्या सांध्यावर टिचकीसारखा आवाज येतो का, तेही ऐकावे. जुने पेडल घेताना बटणाची विशेष परीक्षा करावी, कारण सर्वाधिक झीज तेथेच होते.

उपासनेतील स्थान

पोप दहावे पायस यांच्या १९०३ सालच्या संगीतविषयक आदेशात पियानोलाही मंदिरात मज्जाव होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजीच्या पवित्र उपासनेविषयीच्या संविधानात पाइप ऑर्गनचा गौरव करून, पवित्र वापरास योग्य अशा अन्य वाद्यांनाही स्थानिक अधिकाऱ्यांच्या संमतीने दार उघडले. आपले गिटार त्याच दाराने आत आले आहे.

परंतु लूपर हे वाद्य नव्हे. ३ सप्टेंबर १९५८ रोजी रोममधील उपासनाविधी मंडळाने दिलेल्या सूचनापत्रात स्वयंचलित ऑर्गन, ग्रामोफोन, टेपरेकॉर्डर अशा यंत्रांना उपासनाविधीत मनाई केली होती आणि वाद्य हे वादकाच्या प्रत्यक्ष कृतीने वाजावे असे म्हटले होते. ५ मार्च १९६७ रोजीच्या ‘मुसिकाम साक्राम’ या सूचनापत्राप्रमाणे वाद्यांचे कार्य गायनाला आधार देण्याचे आहे. त्यांनी आवाज झाकून टाकू नयेत. बालकांच्या मिस्सांविषयीच्या १९७३ सालच्या मार्गदर्शिकेने मुद्रित संगीताला बिशप परिषदेच्या नियमांना धरून वाव दिला, तो बालकांच्या मिस्सेपुरता.

लूपरचे स्थान या दोहोंच्या मधले आहे. मुद्रण वादकाच्या हाताने होते. पुनरावृत्ती मात्र यंत्राची असते. काल घरी मुद्रित करून आणलेले आवर्तन मिस्सेत लावणे हे सरळसरळ टेपरेकॉर्डर लावण्यासारखेच आहे. तेथल्या तेथे मुद्रित केलेल्या आवर्तनाबाबत मतभेद होऊ शकतील. तरी व्यवहारातील एक अडचण कोणालाही नाकारता येणार नाही. कम्युनियनची रांग कधी संपेल हे कोणी सांगू शकत नाही. एखादे वृद्ध भाविक सावकाश चालतात, धर्मगुरू क्षणभर थांबतात, सभा एखादे कडवे संथ गाते. हाताने वाजवणारा वादक या सर्वांबरोबर थांबतो आणि चालतो. आवर्तन कोणासाठी थांबत नाही. मग सभेलाच यंत्रामागे धावावे लागते.

याहून मोठी हानी माणसांची आहे. गायनवृंदात दुसऱ्या गिटारची जागा लूपरने भरली, तर नुकताच तारा छेडू लागलेला आठवी-नववीतील मुलगा किंवा मुलगी त्या जागेवर कधीच बसणार नाही. आजचा वादक उद्या शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परगावी गेला की त्याच्याबरोबर यंत्रही जाते आणि धर्मग्रामाला वादक उरत नाही.

म्हणून मिस्सेत लूपरचा वापर टाळावा. कोणाला वेगळे वाटत असल्यास आधी धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंशी व उपासना समितीशी विचारविनिमय करावा. सरावाच्या खोलीत मात्र त्याचे स्वागत आहे. गायकांना एकच ओळ पंचवीस वेळा ऐकवायची असेल, आल्टो व टेनरला आपापले स्वर पक्के करायचे असतील, नवशिक्याला मोठ्या वादकाच्या साथीचा अनुभव द्यायचा असेल, तर लूपर न थकता साथ देतो. युवा संमेलने, नाताळची स्नेहसंमेलने, धर्मग्रामाचे सांस्कृतिक कार्यक्रम येथेही त्याला मोकळीक आहे.

धर्मग्रामाच्या निधीतून खरेदी करावयाची झाल्यास प्रथम साधा, एक-दोन बटणांचा लूपर घ्यावा व तो सरावाच्या खोलीत सर्वांसाठी ठेवावा. उरलेल्या पैशातून आणखी एक गिटार आणावी आणि ती शिकू इच्छिणाऱ्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्यावी.