राणीची बाग

राणीची बाग : मुंबईतील भायखळा येथील सार्वजनिक उद्यान व प्राणिसंग्रहालय. अधिकृत नाव ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालय’.

राणी व्हिक्टोरियाच्या नावाने घातलेली ही बाग १८६२ मध्ये खुली झाली. प्राणिसंग्रहालयाची जोड नंतर मिळाली. व्यवस्थापन बृहन्मुंबई महानगरपालिकेकडे आहे (→ मुंबई).

आवारालगत १८७२ मध्ये खुले झालेले मुंबईतील सर्वांत जुने वस्तुसंग्रहालय आहे. १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले (→ लाड, भाऊ दाजी). तेथे शहराचे नकाशे, मातीच्या प्रतिकृती व हस्तकलेच्या वस्तू आहेत. संग्रहालयाबाहेर घारापुरीहून आणलेला पाषाणी हत्ती उभा आहे (→ घारापुरी). १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेताना यारी तुटून भंगला. १९१४ मध्ये तुकडे जोडण्यात आले. प्रवेशद्वाराजवळ डेव्हिड ससून यांच्या नावाचा घड्याळ मनोरा आहे. बागेत गोरखचिंचेसह अनेक देशी-विदेशी वृक्ष आहेत. हंबोल्ट पेंग्विनांचे दालन २०१७ पासून खुले आहे.

दाट वस्तीच्या मध्य मुंबईत वनस्पती, प्राणी व शहराचा इतिहास यांचा अभ्यास एकाच परिसरात करता येतो. बाग बुधवारी बंद असते.