संगणकांतील ओलीस

१७७९ सालच्या जानेवारींत पुण्याजवळ वडगांव येथें मराठ्यांनीं इंग्रज फौजेची कोंडी केली आणि मुंबईकर इंग्रजांकडून तह लिहून घेतला. त्याची हमी म्हणून इंग्रजांनीं फार्मर व स्टुअर्ट या दोघांना महादजी शिंद्यांपाशीं ओलीस ठेवलें. फौज सुखरूप परत गेली, आणि मग इंग्रज वरिष्ठांनीं तो तह मानण्याचें साफ नाकारलें. ओलीस हातीं असूनही शब्द पाळला गेला नाहीं. त्या काळीं ओलीस ठेवून घेणाराला निदान त्याच्या अन्नवस्त्राची आणि पहाऱ्याची तजवीज करावी लागे. अलीकडे मात्र ओलीस ठेवण्याची अशी एक तऱ्हा निघाली आहे कीं, तींत ओलीस मालकाच्याच कपाटांत राहतो, पहारा लागत नाहीं, आणि खंडणी मागणारा कोणत्या देशांत बसला आहे हेंही कळत नाहीं. तिला रॅन्समवेअर म्हणतात.

प्रसंग बहुधा असा असतो. कोथरूडांतील एखाद्या घरीं संध्याकाळीं कोणी मुलाच्या मुंजीचीं छायाचित्रें पाहावयास बसतें. एकही चित्र उघडत नाहीं. प्रत्येक फाईलीच्या नांवामागें एक अनोळखी शेपूट लागलेलें असतें आणि शेजारीं एक चिठ्ठी असते: अमुक दिवसांत अमुक डॉलर पाठवावे, म्हणजे किल्ली मिळेल. आजोबांच्या आठवणींचें टंकलिखित, मुलीचा प्रबंध, खरेदीखताची प्रत, सर्वांची तीच गत. घरांतील पहिला प्रश्न असतो, “हा व्हायरस निघेल ना?” व्हायरस निघतो. तो काढणें हें या प्रकरणांतील सर्वांत सोपें काम आहे; परंतु तेवढ्यानें फायली उघडत नाहींत. चोर घराबाहेर घालविला तरी त्यानें घातलेलें कुलूप दारावर तसेंच राहतें. रोग जाणें आणि रोगी बरा होणें या दोन गोष्टी येथें वेगळ्या कशा झाल्या, हें कळण्यास थोडें मागें गेलें पाहिजे.

पहिल्या पिढीचे व्हायरस खोडकर असले तरी लोभी नव्हते. १९८६ सालीं लाहोरच्या दोघां भावांनीं रचलेला ‘ब्रेन’ फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जात देशोदेशीं पसरला. त्यांत त्यांनीं आपलीं नांवें, पत्ता आणि दूरध्वनिक्रमांकही घातला होता! १९९० सालीं भारतांत आढळलेला एक व्हायरस तर ‘जोशी’ याच नांवानें ओळखला गेला. ५ जानेवारीस तो संगणक अडवून धरी आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असें टंकित करावयास सांगे. तेवढी शुभेच्छा दिली कीं वाट मोकळी. हे जोशी कोण, याचा शोध पुण्यासारख्या जोशांच्या शहरांत घेऊं म्हटलें तर आयुष्य पुरावयाचें नाहीं. पण पुढील सर्व प्रकाराचें बीज या थट्टेंत आहे: अडवणूक, मागणी, आणि मागणी पुरी होतांच सुटका. संगणक नुसता पुन्हां सुरू केल्यानें हा पाहुणा जात नसे. यंत्राची वीज पूर्ण तोडून, लेखनबंदीची पट्टी चिकटविलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून तें चालू करावें लागे. त्यानंतर मात्र तो निघे, आणि घरचे कागद जागच्या जागीं सांपडत.

याच सुमारास पुण्यांत कैलास काटकर हे कॅलक्युलेटर व संगणक यांच्या दुरुस्तीचा व्यवसाय करीत होते. दुरुस्तीस येणारीं कित्येक यंत्रें मोडलेलीं नसून व्हायरसांनीं आजारी असत. त्यांचे धाकटे बंधु संजय हे मॉडर्न कॉलेजांत संगणकशास्त्राचे विद्यार्थी होते. त्यांनीं एकेका व्हायरसावर उतारा लिहावयास आरंभ केला, आणि १९९५ च्या सुमारास त्या उताऱ्यांतून ‘क्विक हील’ उभें राहिलें. पुण्याच्या एका दुरुस्तीच्या दुकानांतून निघालेलें हें साधन पुढें देशभर घरोघर पोंचलें. पण त्या काळच्या उताऱ्याचें यश एका गोष्टीवर उभें होतें. व्हायरस हा यंत्रांत शिरलेला परका होता. तो उपटून टाकला कीं बहुधा मूळचें सर्व तसेंच हातीं येई.

हा पाया ज्यानें प्रथम हलविला तो मनुष्य जीवशास्त्रज्ञ होता. १९८९ च्या डिसेंबरांत जोसेफ पॉप या अमेरिकन गृहस्थानें एड्सविषयीं माहिती देणाऱ्या सुमारें २०,००० फ्लॉपी लंडनहून टपालानें पाठविल्या. फ्लॉपी वापरल्यावर संगणक सुमारें ९० वेळां निमूटपणें चाले. मग फायलींचीं नांवें सांकेतिक अक्षरांत बदलून जात आणि १८९ डॉलर पनामा देशांतील एका टपालपेटीकडे पाठविण्याचा हुकूम पडद्यावर उमटे. पॉपला पुढें अटक झाली. परंतु त्याची मानसिक स्थिति खटल्यास योग्य नाहीं असें ठरून तो सुटला. त्याच्या योजनेंत दोन उणिवा होत्या. फायलींचीं नांवें बदललीं तरी आंतील मजकूर शाबूत होता, आणि सर्वांचें कुलूप एकाच किल्लीचें असून तिचें रहस्य त्या फ्लॉपींतच दडलेलें होतें. जिम बेट्स या इंग्रज तज्ज्ञानें तें शोधून उतारा फुकट वाटला. चोर किल्ली पायपुसण्याखालीं ठेवून गेला होता, असेंच म्हणावयाचें.

ती चूक कशी टळेल हें १९९६ सालीं ॲडम यंग व मोटी युंग या दोन संशोधकांनीं सावधगिरीची सूचना म्हणून लिहून दाखविलें. त्यांची कल्पना समजावयास अवघड नाहीं. दाबतांच लागणारें कुलूप कोणालाही लावतां येतें, पण उघडण्यास किल्लीच लागते. गुन्हेगार असें उघडें कुलूप आपल्या प्रणालीबरोबर पाठवितो. घरांतील फायली ज्या किल्लीनें बंद झाल्या ती किल्लीच एका पेटींत टाकून त्या पेटीला तें कुलूप लावतो, आणि पेटी उघडणारी किल्ली स्वतःजवळ ठेवतो. ती घरच्या संगणकांत कधींच आलेली नसते. मग तेथें कितीही शोध घेतला तरी ती मिळावी कशी? उरली अडचण पैसे घेण्याची. टपालपेटीवर पोलीस पाळत ठेवूं शकत. २००९ सालीं सुरू झालेल्या बिटकॉईन या चलनानें तीही बरीच दूर केली. २०१३ च्या सप्टेंबरांत ‘क्रिप्टोलॉकर’ अवतरला तेव्हां कुलूप पक्कें होतें आणि वसुलीची वाटही तयार होती.

महाराष्ट्राला याची झळ लवकरच लागली. २०१६ च्या मे महिन्यांत मुंबईस मंत्रालयांतील संगणकांत ‘लॉकी’ शिरला; हा बहुधा ई-मेलबरोबर आलेल्या बिलाच्या सोंगांत येई. १२ मे २०१७ रोजीं ‘वॉनाक्राय’ सुटला आणि थोड्याच दिवसांत सुमारें १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडींत आले. ज्या छिद्रांतून तो शिरे तें बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च रोजींच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधीं, दिली होती! ‘नंतर पाहूं’ म्हणून ती सूचना दूर सारणारांची संख्या केवढी असावी, याचा अंदाज यावरून येतो. त्याच वर्षीं २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला आणि जवाहरलाल नेहरू बंदरांतील मर्स्क समूहाच्या धक्क्याचें काम ठप्प झालें. या प्रकारांत खंडणीची चिठ्ठी हें निव्वळ सोंग होतें. पैसे भरणाराला देण्यास किल्लीच अस्तित्वांत नव्हती.

घरगुती संगणकांचा खरा वैरी मात्र मंत्रालयांत किंवा बंदरांत दिसला नाहीं. २०१८ च्या सुमारास ‘स्टॉप’ ऊर्फ ‘डीजेव्हीयू’ नांवाचें कुल निघालें, आणि भारतांतील घरांना त्याचा फार उपद्रव झाला. त्याची मागणी ९८० डॉलरांची असे. तीन दिवसांत भरल्यास निम्मी! हें दुकानदारी सवलतीचें नाटक घाई करविण्यासाठींच असे. हा शिरत असे तो प्रामुख्यानें चोरट्या सॉफ्टवेअरमधून. हजारों रुपयांची प्रणाली फुकट उघडून देणारी ‘क्रॅक’ फाईल कोणी तरी उतरवून घेई. ती चालविण्यापूर्वीं ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असे, आणि ती निमूटपणें पाळली जाई. पुण्याची काटकसर हा थट्टेचा नव्हे तर आदराचा विषय आहे. पण पहारेकऱ्याला स्वतःच रजा देऊन पाहुण्याला आंत घेण्याला काटकसर म्हणतां येणार नाहीं.

या कुलाच्या कथेंत उपायाची बाजूही स्पष्ट दिसते. २०१९ च्या ऑक्टोबरांत एम्सिसॉफ्ट या संस्थेनें मायकेल गिलेस्पी यांच्या साह्यानें त्याच्या १४८ पोटजातींवर उतारा प्रसिद्ध केला. जुन्या पोटजातींत रचनेचे दोष होते, म्हणून तें साधलें. पुढच्या पोटजातींत दोष सुधारले गेले. ज्यांचा संगणक त्या वेळीं गुन्हेगाराच्या यंत्राशीं जोडला गेला नव्हता आणि म्हणून ठराविक किल्लीनेंच बंद झाला, त्यांनाच कांहीं आशा उरली. क्रिप्टोलॉकरच्या किल्ल्याही पोलिसांच्या कारवाईनंतर २०१४ च्या ऑगस्टांत फुकट मिळूं लागल्या, म्हणजे कित्येक घरांना त्या अकरा महिन्यांनीं लाभल्या. त्या अवधींत ज्यांनीं रागानें सर्व पुसून टाकलें होतें, त्यांना त्यांचा उपयोग काय?

यावरून आपत्तीच्या वेळचा क्रम ठरतो. प्रथम इंटरनेटची जोडणी तोडावी आणि बाहेरून लावलेली प्रत्येक डिस्क काढून घ्यावी, म्हणजे कुलुपें पुढें सरकणार नाहींत. संगणक घाईनें पुन्हां सुरू करूं नये. वॉनाक्रायच्या कांहीं पीडितांना यंत्र बंद न केल्यामुळेंच त्याच्या स्मृतींतून किल्ली परत मिळाली होती. चिठ्ठीचें छायाचित्र घ्यावें. मग दुसऱ्या संगणकावरून, युरोपोल व डच पोलीस यांनीं इतरांच्या साह्यानें २०१६ सालीं सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ येथें एखादी बंद फाईल दाखवून जात ओळखावी आणि उतारा आहे कीं नाहीं तें पाहावें. नसल्यास बंद फायली चिठ्ठीसह एका वेगळ्या डिस्कवर ठेवाव्या. त्यानंतरच मूळ संगणक पूर्ण पुसून प्रणाली नव्यानें घालावी; नुसत्या झाडलोटीवर विसंबणें बरें नव्हे, कारण ‘स्टॉप’बरोबर पुष्कळदां परवलीचे शब्द चोरणारा साथीदारही येत असे. म्हणून बँकेचे व ई-मेलचे परवलीचे शब्द दुसऱ्या यंत्रावरून बदलावे. शहराच्या सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवावी. खंडणी देऊं नये हें सांगणें सोपें आहे, आणि ज्याच्या प्रबंधाचीं चार वर्षें त्या डिस्कवर अडकलीं आहेत त्याला तें कठोरही वाटेल. पण पैसे मिळाल्यावर किल्ली देण्याचें बंधन त्या अदृश्य गृहस्थावर कोणतेंही नसतें. वडगांवचा तह निदान लेखी होता.

पुढील संरक्षणापैकीं बराच भाग सवयीचा आहे: प्रणालीच्या दुरुस्त्या आल्या दिवशींच घालाव्या, रोजचें काम मर्यादित अधिकाराच्या खात्यांतून करावें, अनाहूत बिलें उघडूं नयेत. मुख्य भाग मात्र प्रतीचा. भांडारकर संस्थेनें १९१९ ते १९६६ या काळांत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, ती काश्मीरपासून केरळपर्यंत निरनिराळ्या लिप्यांत जपलेल्या हस्तलिखितांवरून. एका ठिकाणची पोथी वाळवीनें खाल्ली तरी दुसरीकडची उरे. घरच्या फायलींना तोच न्याय लावावा: एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर, मामाच्या किंवा बहिणीच्या घरीं. जी डिस्क संगणकाला सदैव जोडलेली असते ती प्रत म्हणून धरूं नये. रॅन्समवेअर तिलाही त्याच झपाट्यांत कुलूप लावतें. प्रत आठवड्यांतून एकदां घ्यावी आणि डिस्क लगेच काढून ठेवावी. वर्षांतून एकदां, दिवाळीच्या झाडलोटीच्या दिवशीं म्हणा, तीवरील एखादें मुंजीचें छायाचित्र व प्रबंधाचें एखादें प्रकरण उघडून पाहावें आणि तीं उघडतात अशी खात्री झाल्यावर डिस्क पुन्हां मामाकडे पाठवून द्यावी.