क्रुसाची वाट

रोमन सुभेदार पिलाताच्या निवाड्यापासून कबरीपर्यंतच्या येशूच्या दुःखसहनाचे चौदा टप्प्यांत चिंतन करण्याची कॅथोलिक उपासना. प्रत्येक टप्प्याला ‘स्थान’ म्हणतात. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, विशेषतः शुक्रवारी ती केली जाते. कथा नुसती ऐकायची नाही, त्या वाटेवर स्वतः चालायचे, हा तिचा गाभा.

येशू ज्या वाटेने वधस्थळी गेला त्या वाटेने चालण्याची ओढ जेरुसलेमच्या यात्रेकरूंना फार पूर्वीपासून होती. 14व्या शतकात तेथील पवित्र स्थळे फ्रान्सिस्कन संन्याशांच्या देखरेखीखाली आली. एवढा प्रवास ज्यांना झेपत नसे त्यांच्यासाठी पुढे युरोपात ठिकठिकाणी या वाटेच्या प्रतिकृती उभ्या राहिल्या. स्थानांची संख्या जागोजागी वेगळी असे. 1731 मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी ती चौदा ठरवली.

यातली काही स्थाने शुभवर्तमानांत नाहीत. येशूचे तीनदा पडणे आणि वेरोनिका नावाच्या स्त्रीने त्याचा चेहरा पुसणे ही लोकभक्तीची भर आहे, आणि भक्ताला सर्वांत जवळची वाटतात तीही हीच. पडलेल्याला उठताना पाहणे, रक्तघामाने माखलेल्या चेहऱ्यापुढे कापड धरणे, किंवा शुभवर्तमानांतल्या कुरेनेकर शिमोनासारखा क्रुसाला खांदा देणे, यांत बघ्याला बघ्या राहताच येत नाही. इग्नाशिअस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथातही (1548) साधकाने प्रसंगस्थळ मनापुढे उभे करून तिथे हजर व्हावे अशी रीत आहे. या साधनेचा तिसरा आठवडा दुःखसहनासाठीच राखलेला आहे. आल्फोन्स लिगोरी यांच्या 1761 च्या प्रार्थनांत तर भक्त येशूशी थेट बोलतो: मृत्यूला पिलात नव्हे, माझी पापे कारण.

चर्चच्या भिंतींवर स्थानांची चित्रे असतात. पण विधीच्या दृष्टीने चित्रापेक्षा त्यावरचा साधा लाकडी क्रूस महत्त्वाचा. एकट्याने करताना भक्त एका स्थानाकडून दुसऱ्याकडे चालत जातो. गर्दीत सगळ्यांना हलता येत नाही, तेव्हा धर्मगुरू आणि क्रूसधारी पुढे सरकतात. लोक जागेवरून त्या दिशेला वळतात, गुडघे टेकतात, उठतात. पाठीला आणि गुडघ्यांना जाणवणारा हा शीण उपासनेचाच भाग आहे. वसईच्या कॅथोलिक गावांत ती मराठीत होते. 1616 मध्येच छापलेल्या, जेझुइट धर्मप्रचारक थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त दुःखसहनाची कथा मराठी ओव्यांत आली होती.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ही उपासना सहसा नसते. तिथे उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन होते.