पिंपळे सौदागर: फ्लॅटच्या आधीचा हिशेब

पिंपळे सौदागर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? उंच टॉवर, हिंजवडीला जाणाऱ्या कॅब, संध्याकाळचं ट्रॅफिक. पण या गावाचं नाव अर्थशास्त्राच्या पुस्तकांत शंभर वर्षांपासून आहे, आणि ते काही फ्लॅटच्या भावामुळे नाही.

१९१७ साली 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' नावाचं इंग्रजी पुस्तक आलं. लेखक डॉ. हॅरॉल्ड मान, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल. माणूस मूळचा केमिस्ट, आधी चहाच्या मळेवाल्यांसाठी काम केलेला. माती तपासणाऱ्या या माणसाने माती कसणाऱ्यांचा हिशेब तपासायला घेतला.

तेव्हा शेतकरी गरीब का, यावर प्रत्येकाकडे मत होतं. साहेबलोक म्हणायचे, लग्नात उधळतो म्हणून. रमेशचंद्र दत्त यांच्यासारखे लोक म्हणायचे, सरकारचा सारा जड आहे म्हणून. भांडण जोरात होतं. पण एका गावातल्या एकेका घरात येतं किती, जातं किती, हे कुणी मोजलं होतं?

मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजलं. जमीन किती, ती किती ठिकाणी विखुरलेली, पीक काय, बैल किती, बाहेरची मजुरी किती, आणि सगळ्यात अवघड प्रश्न म्हणजे कर्ज किती. विचार करा, साहेबाची माणसं दारात येऊन तुमची उधारी विचारतायत. खरं सांगाल?

जुन्या नोंदींवरून असं निघालं की १७७१ मध्ये इथे सरासरी ४० एकरांचं शेत होतं. १९१४-१५ पर्यंत ते आलं ७ एकरांवर. आणि हे ७ एकरही सलग नाहीत! १५६ मालकांची जमीन सातशेहून जास्त तुकड्यांत विखुरलेली. त्यातले ४६३ तुकडे एकराच्या आतले, ११२ तर पाव एकराच्याही आतले. कारण साधं आहे. वाटणीत प्रत्येक भावाला विहिरीजवळचंही हवं आणि माळावरचंही. मग एकेका पट्टीचे चार भाग होतात, बांध वाढतात, औत वळवायलाही जागा उरत नाही. गावातली जवळपास दोन तृतीयांश कुटुंबं शेती आणि मजुरी दोन्ही धरूनही तोट्यात होती.

पण पुणं आणि खडकी इतकं जवळ असलेलं गाव नमुना म्हणून कसं चालेल? म्हणून मान यांनी ना. वि. कानिटकरांबरोबर शहरापासून लांबचं, कोरडवाहू जातेगाव बुद्रुक घेतलं. तो अभ्यास १९२१ मध्ये आला. तिथली अवस्था आणखी वाईट निघाली. मला विचाराल तर या कामातलं सगळ्यात मोलाचं पाऊल हेच. पहिल्या पुस्तकाचं नाव झाल्यावर पुन्हा चिखल तुडवत दुसऱ्या गावात कोण जातं?

आता गंमत बघा. रोग लहान तुकड्यांचा, तर औषध तुकडे जोडण्याचं, असं वाटणं साहजिक आहे. पण १९१८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहान शेतजमिनींवर एक निबंध छापला. त्यांचा मुद्दा असा, की शेत नुसतं लहान आहे म्हणून तोट्यात जात नाही. बैल, अवजारं, भांडवल कमी आणि जमिनीवर टेकलेली माणसं जास्त, हे खरं दुखणं. ती माणसं कारखान्यांत गेल्याशिवाय नुसते बांध मोडून भागणार नाही.

सरकारने मात्र औषध निवडलं ते बांधाचंच. १९४७ मध्ये मुंबई प्रांतात तुकडेबंदी आणि तुकडेजोड कायदा आला. प्लॉट घेताना एजंट 'तुकडेबंदीत अडकतंय' म्हणतो ना, तोच हा. आणि लोकांनी काय केलं? गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकतच राहिले, फक्त ते सातबाऱ्यावर चढलं नाही. शेवटी २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करायला वेगळा कायदा करावा लागला. कारखान्यांचं म्हणाल तर ते पिंपरी-चिंचवडला आले, पण स्वातंत्र्यानंतर, आणि पिंपळे सौदागरची शेतं पुढे इमारतींखाली गेली.

तुमच्या घरी शेती असेल तर आजी-आजोबांना एक विचारून बघा: पणजोबांची जमीन किती एकर होती, आणि किती ठिकाणी? उत्तर कमेंटमध्ये लिहा. पुढच्या भागात भेटूच.